कोकचा राजा आणि मातीचं धरण

कोक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कॅन्टीनच्या फ्रीजमधली बाटली येते. मेटलर्जीवाल्यांना ब्लास्ट फर्नेस आठवत असेल (निदान तोंडी परीक्षेच्या आदल्या रात्री तरी आठवावी!). मी ज्याच्याबद्दल लिहितोय तो या दुसऱ्या कोकचा राजा. हेन्री क्ले फ्रिक. अमेरिकेतल्या पोलादाचा इतिहास चाळा, अँड्र्यू कार्नेगीच्या शेजारी हे नाव दिसतं. कामगारांच्या संपांबद्दल वाचा, पुन्हा हाच. चित्रकलेची आवड असेल तर न्यूयॉर्कचं फ्रिक कलेक्शन ऐकून माहीत असतं.

पण मी पडलो सिव्हिलचा. मला हा माणूस भेटला तो मातीच्या धरणाच्या धड्यापाशी. आपल्या अभ्यासक्रमात धरण फुटण्याची कारणं असतात ना, त्यात पहिलं कारण ओव्हरटॉपिंग, म्हणजे माथ्यावरून पाणी जाणं. पुस्तकात ते दोन ओळींत संपतं. त्या दोन ओळींचं एखादं खरं उदाहरण मिळतंय का म्हणून शोधायला गेलो आणि साऊथ फोर्कच्या धरणापाशी पोचलो. ज्या क्लबचं ते धरण, त्याच्या संस्थापक सभासदांत हा फ्रिक! त्याच्या चरित्रात धरणाची हकीकत बहुधा थोडक्यात आटोपलेली असते. मी जरा उलटं करणार आहे. बाकी आयुष्य भरभर सांगतो आणि धरणापाशी थांबतो.

फ्रिकचा जन्म १९ डिसेंबर १८४९ चा, पेनसिल्व्हेनियातल्या वेस्ट ओव्हरटन गावी. आईचे वडील अब्राहम ओव्हरहोल्ट हे व्हिस्कीच्या धंद्यातलं बडं प्रस्थ. वडील मात्र साधे शेतकरी. म्हणजे श्रीमंती आजोळची, घरात नाही. शाळा-कॉलेज जेमतेम झालं आणि पोरगा आजोबांच्या भट्टीवर हिशेबनीस म्हणून लागला. आकडे सुरेख, डोकं त्याहून सुरेख. त्या भागात, कॉनेल्सव्हिलच्या आसपास, जमिनीखाली उत्तम दगडी कोळसा होता. तो मधमाशीच्या पोळ्यासारख्या घुमटाकार भट्टीत कमी हवेत भाजला की वायू निघून जातात आणि जवळजवळ शुद्ध कार्बन उरतो. हाच कोक. तो नसेल तर लोखंड नाही, लोखंड नसेल तर रेल्वे नाही. फ्रिकनं हे वयाच्या एकविसाव्या वर्षी ओळखलं आणि १८७१ मध्ये भागीदारीत भट्ट्या घालायला सुरुवात केली.

भांडवल आणलं पिट्सबर्गच्या थॉमस मेलन यांच्या बँकेतून. बँकेनं म्हणे एक माणूस चौकशीला पाठवला होता. त्यानं कळवलं की पोरगा दिवसभर भट्टीवर असतो, रात्री स्वतः हिशेब लिहितो, धंदा मुळापासून जाणतो. फक्त चित्रांचं वेड जरा जास्त आहे, पण त्यानं नुकसान व्हायचं नाही. कर्ज मंजूर! यातली चित्रांची गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल. आणि रात्री स्वतः हिशेब लिहिण्याची तर नक्कीच ठेवा.

१८७३ मध्ये अमेरिकेत मोठी मंदी आली. कोकचे भाव कोसळले, लोक भट्ट्या विकून पळाले. फ्रिक विकत घेत बसला. मंदी सरली, पोलादाला मागणी आली, कोकचे भाव कित्येक पटींनी वर गेले आणि तिशी गाठेपर्यंत हा माणूस दशलक्षाधीश झाला. तिसावा वाढदिवस १८७९ च्या डिसेंबरातला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १५ नोव्हेंबर १८७९ ला, साऊथ फोर्क फिशिंग अँड हंटिंग क्लबची रीतसर नोंदणी झाली होती.

आता धरण.

ते क्लबनं बांधलेलं नव्हतं. पेनसिल्व्हेनिया सरकारनं कालव्याला उन्हाळ्यात पाणी पुरवण्यासाठी ते बांधायला घेतलं १८३८ च्या सुमारास. पैसे संपले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं, असं करत १८५३ मध्ये पुरं झालं. (हे वाचून आपल्याकडचं कुणी हसणार नाही अशी खात्री आहे.) उंची ७२ फूट, लांबी नऊशे फुटांच्या वर. चिकणमातीचे थर पाण्यात मुरवत, दाबत वर आणलेले. दर्शनी बाजूंना दगडी पिचिंग. तळाशी दगडी मोरी आणि तिच्यात दोन-दोन फूट व्यासाचे पाच बिडाचे पाइप, म्हणजे गरज पडली तर तलाव खालून रिकामा करता येईल. एका कडेला खडकात खोदलेला सांडवा. काम पाहिलं तर त्या काळाच्या मानानं चांगलंच म्हणायला हवं.

पण धरण पुरं होईपर्यंत रेल्वे येऊन कालव्याची गरजच संपली होती. १८५७ मध्ये ते रेल्वे कंपनीकडे गेलं आणि कुणी ढुंकून पाहीना. १८६२ मध्ये मोरीजवळ भगदाड पडून काही भाग वाहून गेला. तलावात तेव्हा पाणी कमी होतं म्हणून खाली फारसं नुकसान झालं नाही. १८७५ मध्ये ते एका राजकारण्यानं विकत घेतलं आणि मोरीतले ते पाच पाइप काढून भंगारात विकले. मग १८७९ मध्ये आला बेंजामिन रफ. रेल्वेच्या बोगद्यांची ठेकेदारी, कोकची विक्री, जमिनीची दलाली, सगळं केलेला माणूस. त्यानं ती जागा घेतली, ती पिट्सबर्गच्या धनिकांसाठी उन्हाळी विरंगुळ्याचं ठिकाण करायचं म्हणून. पहिल्या सोळा सभासदांत फ्रिकचं नाव आहे. पुढे कार्नेगी आला, अँड्र्यू मेलन आला, वकील फिलँडर नॉक्स आला. १८८९ पर्यंत साठेक सभासद झाले होते. अमेरिकेतला निम्मा पैसा तिथे होडीत बसून गळ टाकत होता म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

डोंगरात दोन मैल लांबीचा तलाव. काठाला ४७ खोल्यांचं क्लबहाऊस, सोळा टुमदार बंगले, शिडाच्या होड्या, वाफेवर चालणाऱ्या दोन छोट्या बोटी. तलावात सोडायला बास जातीचे मासे रेल्वेनं आणवले होते. धुरकट पिट्सबर्गमधून आलेल्या माणसाला हा स्वर्गच वाटणार. मला त्यात वाईट काही दिसत नाही. जुना तलाव पडून राहण्यापेक्षा लोकांनी त्यात नाव वल्हवावी, मासे धरावेत, काय हरकत आहे? हरकत आहे ती दुरुस्तीच्या पद्धतीला.

रफनं १८६२ चं भगदाड माती, दगड, झाडांच्या फांद्या, गवत, शेणखत असं हाताला येईल ते टाकून बुजवलं. मोरीचे पाइप परत बसवलेच नाहीत. त्यामुळे तलाव खालून रिकामा करायची सोयच उरली नाही. नीट दुरुस्ती करायची तरी आधी पाणी काढायचं कसं? धरणाच्या माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा दोन-तीन फूट छाटून रुंद केला. भराव बसत गेल्यानं मधोमध तो थोडा खचलेलाही होता, म्हणजे नेमका जिथे सगळ्यात उंच हवा तिथेच सखल. आणि सांडव्यावर पूल बांधून त्याच्या खांबांना जाळ्या लावल्या. कशाला? महागाचे मासे वाहून जाऊ नयेत म्हणून!

आता माथा दोन-तीन फूट छाटला तर बिघडलं कुठे, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. म्हणून वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. सांडव्यावरून जाणारं पाणी हे सांडव्यावरच्या पाण्याच्या उंचीच्या दीड घाताच्या प्रमाणात असतं, हे आपण हायड्रॉलिक्सच्या प्रयोगात नॉचवर घासून घासून केलंय. समजा धरणाचा माथा सांडव्याच्या तळापेक्षा दहा फूट वर होता आणि तो सात फुटांवर आणला. उंची कमी झाली तीस टक्के. पण ०.७ चा दीड घात येतो ०.५९ च्या आसपास. म्हणजे पाणी सोडायची ताकद चाळीस टक्क्यांनी गेली. मधला खचलेला भाग आणि जाळ्यांत अडकणारा पालापाचोळा यात धरलेलाच नाही. प्रयोगाच्या फाइलमध्ये हे सूत्र मी किमान तीनदा उतरवलं असेल. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

तलावाच्या खाली चौदा मैलांवर आणि सुमारे साडेचारशे फूट खोल दरीत जॉन्सटाऊन हे गाव. आजूबाजूच्या वस्त्या धरून तीस हजार माणसं. तिथल्या कँब्रिया आयर्न कंपनीचा प्रमुख डॅनियल मॉरेल याला या धरणाची काळजी वाटायची. १८८० च्या नोव्हेंबरात त्यानं आपला इंजिनियर जॉन फुल्टन याला पाहणीला पाठवलं. फुल्टननं दोन दोष स्वच्छ लिहून दिले: पाणी सोडायला खालून मार्ग नाही, आणि दुरुस्ती कच्ची आहे, तिच्यातून पाणी झिरपतंय. रफनं उलट उत्तर धाडलं की पाहणीत चुका आहेत आणि तुमच्या लोकांना आमच्यापासून काही धोका नाही. मॉरेलनं तर खर्चाचा काही वाटा उचलायची तयारीही दाखवली. नको म्हणाले. शेवटी मॉरेलनं स्वतःच क्लबचं सभासदत्व घेतलं. तो १८८५ मध्ये गेला, रफ १८८७ मध्ये. पत्रं फायलीत राहिली.

इथे मला फ्रिकवर अन्याय करायचा नाही. हा पत्रव्यवहार रफ आणि मॉरेल यांच्यातला. तो फ्रिकच्या टेबलावर पोचला होता असं मी म्हणणार नाही, आणि माथा छाटायचा हुकूम त्याचा होता असंही नाही. पण ज्यानं भट्टीवर राबून रात्री स्वतः हिशेब लिहिले, त्याच माणसाचा पैसा त्या धरणात होता. आपल्या कोकभट्टीची भिंत कुणी गवत आणि शेणखतानं बुजवली असती तर त्यानं त्याला उभं केलं असतं का? धंद्याच्या जागी जो प्रश्न त्यानं पहिल्यांदा विचारला असता, तो मौजेच्या जागी दहा वर्षांत कुणीच विचारला नाही. साठ सभासदांत बडे कारखानदार होते, रेल्वेचे अधिकारी होते.

१८८१ मध्ये फ्रिकचं ॲडलेड चाइल्ड्सशी लग्न झालं. मधुचंद्राला न्यूयॉर्कला गेला असताना कार्नेगीशी भेट होऊन भागीदारी पक्की झाली. (मधुचंद्रातही धंदा!) १८८९ च्या जानेवारीत तो कार्नेगी कंपनीचा चेअरमन झाला. वय एकोणचाळीस.

त्याच वर्षी ३० मेच्या रात्री पाऊस सुरू झाला. तिथल्या लोकांनी तसा पाऊस पाहिलेला नव्हता. ३१ मेला सकाळी क्लबचा तरुण इंजिनियर जॉन पार्क उठून पाहतो तर तलाव भराभर चढतोय. हा पार्क विशीतला, कॉलेजातून बाहेर पडून फार दिवस झाले नव्हते, म्हणजे आपल्यातलाच धरा. क्लबचे अध्यक्ष अंगर आणि तिथे ड्रेनेजच्या कामावर असलेले इटालियन मजूर यांनी माथ्यावर नांगर आणि फावड्यांनी माती चढवायला घेतली. दुसऱ्या टोकाला नवा चर खणायला गेले तर खाली खडक. सांडव्याच्या जाळ्या काढायला गेले तोवर त्या ओंडके आणि कचऱ्यानं गच्च झालेल्या. पार्क घोड्यावरून साऊथ फोर्क गावात तारेनं इशारा धाडायला गेला. इशारे पुढे गेलेही. पण धरण फुटणार ही अफवा जॉन्सटाऊनमध्ये दर पावसाळी वर्षाला उठायची, त्यामुळे फार कुणी मनावर घेतलं नाही.

परतल्यावर पार्कच्या मनात एक विचार येऊन गेला. धरण टोकाला, जिथे भराव कमी उंचीचा आहे, तिथे आपणच कापलं तर? पाणी जरा सावकाश जाईल. पण मग धरण फोडलं ते पार्कनं, असं होणार. आणि कदाचित ते आपोआप टिकलंही असतं. त्यानं कापलं नाही. हे मी वाचलं त्या दिवशी रात्री झोप आली नाही. त्याच्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

दुपारी तीनच्या सुमारास पाणी माथ्यावरून मधोमध वाहायला लागलं होतंच, खालच्या उताराची माती खरवडली जात होती, आणि मग मधला भाग एकदम सरकला. सुमारे दोन कोटी टन पाणी! वाटेत झाडं, घरं, रेल्वेची इंजिनं, काटेरी तारांच्या कारखान्यातली तार, सगळं घेत ती भिंत दरीतून खाली गेली. जॉन हेस नावाच्या इंजिन ड्रायव्हरनं शिटी बांधून ठेवून इंजिन गावाकडे पिटाळलं, ती शिटी ऐकून कित्येक लोक टेकडीवर पळाले. चार वाजून सात मिनिटांनी पाणी जॉन्सटाऊनला पोचलं. दहा मिनिटांत गाव संपलं. दगडी रेल्वे पुलापाशी अडकलेल्या ढिगाला आग लागली आणि पुरातून वाचलेले काही जण त्यात जळाले. एकूण २,२०९ माणसं गेली. ९९ कुटुंबं अशी की एकही माणूस उरला नाही. ७७७ जणांची ओळख पटली नाही, त्यांचे एकसारखे कोरे दगड आजही ग्रँडव्ह्यू दफनभूमीत रांगेनं उभे आहेत.

क्लबनं हजार ब्लँकेटं पाठवली. फ्रिकनं पाच हजार डॉलर दिले, कार्नेगी कंपनीनं दहा हजार. पुढे कार्नेगीनं गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं. आज त्याच इमारतीत पुराचं संग्रहालय आहे. क्लबच्या सभासदांनी जाहीर बोलायचं टाळलं. खटले झाले, नॉक्ससारखे वकील घरचेच होते, आणि कोर्टात ही दैवी आपत्ती ठरली. क्लबला एक डॉलरही भरपाई द्यावी लागली नाही.

आपल्या जमातीचं काय? अमेरिकन सोसायटी ऑफ सिव्हिल इंजिनियर्सनं चार नामवंतांची समिती नेमली. अहवाल १८९० च्या सुरुवातीला तयार होता, पण तो प्रसिद्ध झाला १८९१ मध्ये. निष्कर्ष असा, की माथा मूळ उंचीला असता तरी धरण वाचलं नसतं. सव्वाशे वर्षं हेच प्रमाण मानलं गेलं. २०१६ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी आधुनिक मोजणी करून पुन्हा हिशेब मांडला: मूळ उंची असती तर पाणी सोडायची ताकद जवळजवळ दुप्पट असती आणि त्या वादळातून धरण बहुधा तरलं असतं. मोठ्या नावांच्या समितीचा अहवाल आणि वहीच्या मागच्या पानावरचा दीड घात यांत मी त्या दिवसापासून दीड घाताच्या बाजूला आहे.

फ्रिकचं पुढचं आयुष्य जास्त प्रसिद्ध आहे म्हणून थोडक्यात. १८९१ मध्ये त्याची लाडकी मुलगी मार्था सहाव्या वाढदिवसाच्या आधीच गेली. तिचं चित्र त्यानं आपल्या चेकवर छापून घेतलं होतं. १८९२ मध्ये होमस्टेडच्या कारखान्यात पगारकपातीवरून टाळेबंदी झाली. फ्रिकनं कारखान्याभोवती कुंपण घातलं आणि पिंकर्टन एजन्सीचे तीनशे हत्यारबंद लोक रात्री नदीतून बोटींनी आणले. ६ जुलैला गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसं मेली. त्याच सुमारास त्याला मुलगा झाला. तो महिनाभरही जगला नाही. २३ जुलैला अलेक्झांडर बर्कमन नावाच्या अराजकवाद्यानं ऑफिसात घुसून फ्रिकवर गोळ्या झाडल्या, सुऱ्यानं भोसकलं. फ्रिक वाचला, आणि त्या दिवशीची कामं आटपूनच घरी गेला म्हणतात. या माणसाला भित्रा कुणी म्हणू शकणार नाही.

१८९९ मध्ये कार्नेगीशी कायमचं बिनसलं. वीस वर्षांनी कार्नेगीनं समेटाचा निरोप धाडला तेव्हा फ्रिकनं आता भेट नरकातच, असं कळवल्याची दंतकथा आहे. दोघेही १९१९ मध्येच गेले. कार्नेगी ऑगस्टमध्ये, फ्रिक २ डिसेंबरला.

बँकेच्या माणसाला खटकलेलं चित्रांचं वेड मात्र शेवटपर्यंत टिकलं. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवरचं घर त्यानं चित्रांसाठीच बांधलं आणि चित्रांसकट, दीड कोटी डॉलरच्या निधीसह, लोकांना देऊन टाकलं. १९३५ मध्ये ते संग्रहालय म्हणून उघडलं. पिट्सबर्गला दीडशे एकर जमीन बागेसाठी दिली. त्या घरात कॉन्स्टेबलचं एक चित्र आहे, द व्हाइट हॉर्स. इंग्लंडमधली संथ नदी, आणि काठानं नावा ओढणारा एक पांढरा घोडा होडीत उभा करून पलीकडे नेताहेत. असल्याच घोड्यांनी ओढायच्या नावांसाठी ते साऊथ फोर्कचं पाणी अडवलं होतं. हा योगायोग फ्रिकच्या कधी मनात आला असेल का, कोण जाणे.

धरणाची दोन्ही टोकं अजून उभी आहेत. १९६४ मध्ये ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. मी फक्त फोटो पाहिलेत. दोन बाजूंना गवतानं झाकलेला भराव आणि मध्ये मोकळी जागा, तिच्यातून एक लहानशी नदी आणि रेल्वेचे रूळ जातात. नदी इतकी लहान आहे की फोटोत ती आधी शोधावी लागते.